शेजारच्या टॅबमधली करुणा

गुरु., १२ जून
बाजाराचा दिवस. माझ्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या सेंटरमध्ये पाय ठेवायला जागा नाही. नर्सिंगच्या फॉर्मची आज शेवटची तारीख. करुणाचा अर्धा भरला आणि ती मार्कशीट आणायला घरी पळाली. दहा मि. काही दाबलं नाही तर साइट बाहेर काढते, मग सगळं पहिल्यापासून. म्हणून तिचा टॅब उघडाच ठेवला, साइट चालू राहील अशा बेतानं शेजारच्या टॅबमध्ये रांगेतल्या पुढच्या मुलीचं, पायलचं, लॉगिन केलं. करुणा आली, दोघींचेही सबमिट. हुश्श.

शनि., १४
करुणाचे बाबा प्रिंट मागायला आले. उघडून बघते तर तिचा अर्ज 'अपूर्ण'. पायलचा उघडला. त्यात करुणाचे मार्क, करुणाची मार्कशीट!
"तुमच्या हातानं भरला म्हंजे पक्काच हाय," बाबा म्हणाले.
मी म्हटलं, प्रिंटर बिघडलाय. धडधडीत खोटं.

रवि., १५
नितीनला नागपूरला फोन. धाकटा भाऊ, अशाच साइट बनवतो.
"ताई, सर्व्हरले माणूस दिसत नाही. ब्राउझर एक खूण पाठवते, तिच्यावरूनच तो ओळखते. पायलचं लॉगिन केलं तशी दोन्ही टॅबची खूण पायलची झाली."
"पण पानावर करुणाचं नाव होतं ना!"
"ते जुनं पान होतं. नाव तू वाचलं, त्यानं खूण वाचली."
दोन टॅबची युक्ती माझीच. समोरच्या सेंटरवालीलाही मोठ्या तोऱ्यात शिकवली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

मंगळ., १७
हेल्पलाइन लागली एकदाची. दुरुस्तीला उद्याचा एकच दिवस. जीव भांड्यात पडला. पासवर्ड माझ्याकडे आहेतच. कोणाला कळायच्या आत गुपचूप...

बुध., १८
गुपचूप कसलं! करुणाचं सगळं भरलं, सेव्ह करताना ओटीपी मागतंय. तो तिच्या मोबाइलवर. फोन लावलाच.
"ताई, माहा फॉर्म तं भरून झाला ना? मंग आता हा ओटीपीचा नंबर काहून आला?"
मी काही सांगायच्या आत तीच म्हणाली, "थांबा, मी येऊनच राहिली. बाबाबी येतेत."
घर पंधरा मि.वर. आज एकच टॅब. पायलचं नंतर. दर पाच मि.नी मागचं पान, पुढचं पान, मागचं पान. खुर्चीवरून उठायची सोय नाही. भीती वाटतेय, खरंच. सगळं खरं सांगायचं, पण कुठून सुरू करू? आधी प्रिंटरचं सांगू की...
दारात चपला वाजल्या.