घड्याळाखालची खूण

भिंगार, गुरुवार, संध्याकाळ

दुपारी कोर्टातल्या लेडीज बाररूममध्ये ज्येष्ठ वकील शालिनीताईंनी आम्हा वकील बायकांपुढे पाठिंब्याचं पत्र फिरवलं. आमच्या कोर्टातले बडे वकील, ज्यांना सगळे सर म्हणतात, त्यांचं नाव हायकोर्टाच्या जजपदासाठी गेलंय, आणि त्यांच्या जामखेडच्या ज्युनिअर पोरीने त्यांच्यावर जबरदस्तीची तक्रार केलीय. तिने लिहिलंय, झटापटीत घड्याळाचा पट्टा तुटला तेव्हा सरांच्या मनगटावर दातांची जुनी खूण दिसली.

"लहानपणी कुत्रं चावलं होतं त्यांना," शालिनीताई हसल्या. "कर गं सही. आपल्या नगरचा माणूस जज होतोय."

कुत्रं!

एकोणीस वर्षं झाली. मीही त्यांची ज्युनिअर होते. त्यांच्या ऑफिसात त्यांनी माझं डोकं पुस्तकांच्या कपाटावर आपटलं. काच फुटली. तोंड दाबायला हात आला, तेव्हा त्या मनगटात मी असे दात रोवले की त्याचं रक्त माझ्या घशात उतरलं. सुटले, पळाले. आणि गप्प बसले. का? वकिलीची सनद नवी होती म्हणून? तेवढ्यासाठी? तेव्हाच बोलले असते तर ही पोर...

ती पोर बाररूमच्या दारातच उभी होती. ओठावरची जखम अजून ओली.

"ताई, मी खोटं न्हाई बोलत," एवढंच म्हणाली.

शालिनीताईंच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. पत्र हिसकावलं आणि सहीच्या जागी, कागद फाटेपर्यंत पेन दाबून लिहिलं: "ते कुत्रं मी."

खाली पूर्ण नाव आणि सनद क्रमांक.