किल्ली खुशबूच्या गळ्यात

हुडको, भिलाई
बुधवार, १६ जुलै २०२५

चि. राजदीप,
सप्रेम जय भीम.

सोमवारी, १४ जुलैला, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी तू फाटकात उभा राहून माझ्या पाच विद्यार्थ्यांना परत पाठवलंस. "मॅडम की तबीयत ठीक नहीं है, अब क्लास बंद." माझी तब्येत उत्तम होती. मी खिडकीच्या जाळीमागे हातात खडू घेऊन उभी होते. पलीकडच्या कोहका वस्तीतली नीतू ओरडून विचारत होती, "मॅडम, आज पैराग्राफ नहीं लिखेंगे क्या?"

तुझी खोली माझ्या खोलीपासून आठ पावलांवर आहे. तरी पत्र लिहावं लागतं, कारण मी बोलायला लागले की तू मोबाइल कानाला लावतोस.

राग तुला निबंधाचा आला. खुशबूच्या शाळेत 'माझं घर' म्हटलं की बाई फळ्यावर दहा इंग्रजी वाक्यं लिहितात आणि चाळीस मुलं तीच उतरवतात. सगळ्यांच्या घरापुढे बाग, सगळ्यांचे वडील दयाळू. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये मी असं केलं असतं तर सिस्टरनं वही खिडकीबाहेर फेकली असती. मी माझ्या मुलांना सांगते, जे बघता तेच लिहा.

तुझ्या मुलीनं तेच लिहिलं. मम्मी-पप्पा नऊला कामावर जातात. आजीला बाहेरून कुलूप लावतात. किल्ली माझ्या गळ्यात असते. तीनला मी शाळेतून येते आणि आजीला उघडते.

बाकीची क्रियापदं मी दुरुस्त केली. ते शेवटचं वाक्य तेवढं तसंच राहू दिलं.

सोमवारी दुपारी शाळेनं तुला कामावरून बोलावलं. घरी येऊन तू ओरडलास, "आई, तू पोरीले काय लिहाले लावून राहिली? ते मॅडम मले विचारते, तुमी मायले कुलपात ठेवता काय!"

"ठेवतोस ना?"

"हौसेनं ठेवतो काय मी? कावून समजत नाही तुले?"

समजतं. मी म्हातारी आहे, मूर्ख नाही.

एक कबूल करते. खुशबूनं मला विचारलं होतं, "आजी, हे वर्गात वाचू काय? पप्पा गुस्सा होतील." मी म्हणाले, वाच. जे मला तुझ्यासमोर बोलता येईना, ते मी अकरा वर्षांच्या मुलीकडून बोलवून घेतलं. चौतीस वर्षं शिकवलं, असलं काम कधी केलं नव्हतं. तिची माफी मागितली आहे. तुझी मागत नाही.

आता कुम्हारीचं. मे महिन्यापासून मी सगळ्यांना सांगते आहे की चुकीच्या बसमध्ये बसले, कोणीही बसेल. बस बरोबर होती की चूक, मला माहीत नाही. लाल पेन आणायला निघाले होते एवढंच आठवतं. रायपूरच्या रस्त्यावर कुम्हारी गावात उतरले तेव्हा पानठेलेवाल्यानं विचारलं, "माताजी, कहाँ जाना है?" आणि मला घर आठवेना. इंग्रजीचे बाराच्या बारा काळ उदाहरणांसह म्हणून दाखवले असते, पण घर नाही. पर्समधल्या वहीत खुशबूनं तुझा नंबर लिहून ठेवला होता, म्हणून तू आलास. परत येताना स्कूटरवर तू रडत होतास. मी रस्त्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी तू कुलूप आणलंस. मला एका शब्दानं विचारलं नाहीस. दिवसाचे सहा तास मी या खोलीत बसते आणि चार वाजायची वाट बघते. ती पाच मुलं समोर असतात तेव्हा माझं काहीही हरवत नाही. तेवढा एक तासही तू काढून घेतलास.

शनिवार, १९ जुलै, संध्याकाळी सहापर्यंत मला उत्तर हवं. कुलूप कधी निघणार, मुलं कधी येणार, आणि मला डॉक्टरकडे कधी नेणार. ते तू टाळतो आहेस, मीही टाळत होते. उत्तर कागदावर, तारीख घालून, सहीनिशी. जेवताना तोंडी सांगू नकोस. तोंडी सांगितलेलं रविवारपर्यंत माझ्याजवळ राहील याची मला खात्री नाही.

तुझी आई,
वसुंधरा