उत्तरेच्या वळणावरची पाटी

हेल्गाताई,

आपल्याकडचे सगळे रस्ते नाकासमोर सरळ; जमिनीच्या मोजणीतला फरक सांधायला फक्त उत्तरेचा रस्ता काटकोनात वळतो. तिथे पाटी लावायचा ठराव मार्चमध्ये पंचायतीत आला, तेव्हा "हे वळण पोरासोरांनाही पाठ आहे, पाटी कुणासाठी?" म्हणून मीच तो पाडला. सगळे हसले.

तुझा होणारा नवरा लायल शहरातून पहिल्यांदाच तुझ्याकडे जेवायला निघाला होता. त्याला वळण ठाऊक नव्हतं. गाडी सरळ वळणापलीकडच्या तळ्यात गेली, आणि तो बुडाला.

इतिवृत्तात नावं नाहीत, नुसतं 'ठराव नामंजूर'. अध्यक्ष म्हणाले, "कुणी तोंड उघडणार नाही, टोरवाल्ड."

पाकिटावर पत्ता घालायला हात धजत नाही. उद्या तू पंचायतीच्या बैठकीत ठराव पाडणाऱ्याचं नाव विचारणार आहेस, आणि सकाळीच फोनवर म्हणालीस, "माझ्या शेजारी बस रे. बाकी कुणावर माझा विश्वास नाही."

तुझाच भाऊ,
टोरवाल्ड