माझा साठ अँपियरचा पॉवर सप्लाय

गुरुवार, ६ नोव्हेंबर
सुट्टी. दहाला लाईट गेली. गुरुवार आहे, आमच्या भागात दर गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर जाणारच. म्हणून लिहायला वेळ मिळाला.

काळेवाडीच्या मैदानावर रिमोटच्या कारची स्पर्धा चालू आहे. काल रुपाली सेमीफायनल जिंकली. माझी बायको! कुरुळीच्या कंपनीत वायरिंगच्या लाइनवर चौदा वर्षं उभी राहते, हात जरा म्हणून हलत नाही. म्हणाली, शाळेत पळण्यात दोनदा दुसरी आले, आयुष्यात एकदा तरी पहिलं यायचंय. फायनल २० तारखेला, दुपारी चारला. तोही गुरुवारच. कंपन्यांना सुट्टी, गर्दी होईल. उत्तम नियोजन.

कारची बॅटरी आजवर खालच्या मजल्यावरचा संघर्ष चार्ज करून देत होता. आजपासून बंद! बावीस वर्षं चाकणला इलेक्ट्रिकल मेंटेनन्स करतोय मी. टेक्निकल हेड घरात असताना शेजाऱ्याकडे बॅटरी?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
चार्जर आणला. तो भिंतीच्या प्लगला लागत नाही. मध्ये बारा व्होल्टचा पॉवर सप्लाय लागतो. दुकानदार म्हणाला, काका, वीस-पंचवीस अँपियरचा बास झाला. काका? मी चव्वेचाळीसचा आहे. पॉवर सप्लाय न घेता निघालो.

घरच्या जुन्या कॉम्प्युटरचा काढून जोडीन. फुकटात काम.

शनिवार, ८ नोव्हेंबर
जोडला. चार्जर दोन मिनिटं चालला आणि केकाटायला लागला. म्हणे लो व्होल्टेज. खोटारडा! मीटर लावला. दहा पॉइंट सहा. मीटरही त्यालाच सामील.

रुपाली म्हणाली, अहो, चार्जरला चिमटे दिलेत की. बाईकच्या बॅटरीला लावले तरी चार्ज होतं, मैदानावर सगळे तेच करतात. डोकंच फिरलं. मी काय पंक्चरवाला आहे, रस्त्यात बाईकचं सीट काढून बसायला? तसं सुनावलं. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली.

सोमवार, १० नोव्हेंबर
जिन्यात संघर्ष भेटला. म्हणाला, दादा, माझा पंचवीस अँपियरचा घ्या, दोन चार्जर आरामात चालतात. गोड बोलून आमची तयारी बघायची होती त्याला. त्याची बायको आम्रपाली फायनलला रुपालीसमोर आहे, मला काय कळत नाही? नको म्हणालो. जरा जोरातच. दुसऱ्या मजल्यावरच्या शालनबाई दार उघडून बघायला आल्या.

ठरलं. साठ अँपियर.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
सुट्टी असून कंपनीत. गुरुवारी लाईट नसते, लाइन बंद असते, म्हणून पॅनेल साफ करायचं काम गुरुवारीच. हे वेळापत्रक मीच बसवलंय. साहेबांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. पुढचं बघणारा माणूस लागतो, राव.

येताना भोसरीतून पॉवर सप्लाय उचलला. साठ अँपियर, दोन पंखे, पाच किलो. लाईट अजून यायची होती, टेस्ट करता आली नाही. चिडचिड झाली.

शनिवार, १५ नोव्हेंबर
बटण दाबलं आणि घरातली लाईट गेली. एमसीबी पडला. पुन्हा दाबलं, पुन्हा पडला. बिल्डरने एमसीबी हलका टाकलाय. त्याला फोन केला. उचलला नाही. चोर.

रुपालीचं निम्मं वाटण मिक्सरमध्ये अडकलं होतं. म्हणाली, संघर्षदादांकडून त्यांचा सप्लाय आणू का? एवढा मोठा अपमान मी गिळला, हे कुणी बघितलंही नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर
एमसीबी बदलला. चालू! दोन्ही पंखे फिरले. व्होल्टेज तेरा पॉइंट आठ, हलायला तयार नाही. सगळ्यांना बोलावून दाखवलं. सगळे म्हणजे शालनबाई. म्हणाल्या, वारा छान येतोय.

बुधवार, १९ नोव्हेंबर
घरात वाद. रुपाली म्हणते, बॅटरी आजच फुल करून ठेवू. मी म्हणालो, मुळीच नाही. ताज्या चार्जला दम असतो. उद्या मैदानावर, चार माणसांसमोर, साठ अँपियरवर चार्ज करायची. बघू दे दुनियेला. होती नव्हती ती बॅटरीही सरावात उतरवून टाकली.

ती म्हणाली, उद्या गुरुवार आहे हो. मी म्हणालो, माहितीये, सुट्टी टाकावी लागत नाही. पन्नास मीटर वायरचं बोर्ड भरलं. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या ऑफिसातून प्लग घेणार. सगळा विचार केलाय. घोडामैदान जवळच आहे.

गुरुवार, २० नोव्हेंबर, संध्याकाळ
अडीचला मैदानावर पोहोचलो. टेबल मांडलं. पॉवर सप्लाय मधोमध. पन्नास मीटर वायर ओढली. प्लग लावला. बटण दाबलं.

काही नाही.

मंडळाच्या माणसावर ओरडलो. तो म्हणाला, भाऊ, गुरुवार आहे, लाईट पाचनंतर. मी म्हणालो, हे आधी सांगायला काय झालं होतं? तो हसायला लागला. त्याचे मित्रही हसायला लागले. आम्रपालीची बॅटरी रात्रीच भरून ठेवलेली.

रुपालीकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. तिने माझ्या हातातून बाईकची चावी घेतली, सीट उघडलं आणि चार्जरचे चिमटे बॅटरीला लावले. संघर्ष येऊन चार्जरचं सेटिंग बघून गेला. तासाभरात कारची बॅटरी भरली.

चारला फायनल. रुपाली पहिली. आम्रपालीने तिला उचलून घेतलं. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात आधी मीच वाजवल्या, हे लिहून ठेवतो.

मग बाईक चालू होईना. बॅटरी ठार. या गाडीला किक नाही. कंपनीवाल्यांना शिव्या घातल्या. रुपाली ट्रॉफी घेऊन आम्रपालीच्या मागे बसून गेली. मी काळेवाडी ते रहाटणी बाईक ढकलत आलो, सीटवर पाच किलोचा पॉवर सप्लाय बांधून. अर्ध्या वाटेत रस्त्यावरचे दिवे लागले.

घरी येऊन पॉवर सप्लाय लावून बघितला. तेरा पॉइंट आठ. एकदम परफेक्ट. रुपालीला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, छान आहे. मग प्लग काढून तो शोकेसमध्ये ठेवला आणि त्याच्यावर ट्रॉफी. म्हणाली, नुसती ठेवली तर शोकेसच्या लाकडी पट्टीमागे झाकली जात होती.