दोनदा आपटलेला हात

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
क्रीडा कार्यालय, पहिला मजला

विषय : कारणे दाखवा नोटिशीस उत्तर, तसेच एकवीस वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेली अंतिम लढत पुरी करून मिळणेबाबत.

संदर्भ : आपली दि. ३ ची नोटीस.

महोदय,

अर्जदार आपल्या अखत्यारीतील सभागृहात चौदा वर्षे ज्युदो शिकवतो. 'ज्युदोच्या मूल्यांचा भंग केल्यामुळे सेवेतून कमी का करू नये', असे आपण विचारले आहे. त्यावर सविनय खुलासा पुढीलप्रमाणे :

१. आरोप पूर्णपणे मान्य आहे. दि. २८ रोजी सरावात एका विद्यार्थ्याचे कोपर अर्जदाराच्या पकडीत सापडले व त्याने मॅटवर दोनदा हात आपटला. याचा अर्थ 'हरलो, सोड' असा होतो आणि त्याच क्षणी सोडायचे असते. अर्जदाराने उशीर केला. विद्यार्थी सुतारकाम करतो. पंधरा दिवस त्याला रंधा धरता येणार नाही. अर्जदार माफी मागण्यास त्याच्या घरी गेला असता त्याच्या बायकोने दार उघडले नाही. तिने योग्यच केले.

२. उशीर का झाला? हात आपटल्याचा आवाज आला आणि सुताराच्या जागी अर्जदारास आपण दिसलात.

३. एकवीस वर्षांपूर्वीच्या अंतिम लढतीत आपला उजवा हात अर्जदाराच्या पकडीत होता. आपण डावा हात मॅटवर दोनदा आपटलात. पंच नेमके पलीकडच्या बाजूस होते. अर्जदाराने शिकवल्याप्रमाणे तत्काळ पकड सोडली, उठला आणि आपणांस वाकून नमस्कार केला. वाकलेल्या अर्जदारास आपण उचलून फेकलेत. पंचांनी विचारले तेव्हा आपले शब्द होते : "मी कुठे हात आपटला? याचीच पकड घामाने सुटली!" अर्जदाराचा खांदा निखळला, आपल्या गळ्यात पदक पडले आणि त्या पदकावर आपणांस ही खुर्ची मिळाली. झाले ते झाले, असे अर्जदार इतकी वर्षे स्वतःला समजावत होता. आपली नोटीस आली आणि ते समजावणे संपले.

४. गेल्या वर्षी आपण सभागृहात आठ मूल्यांचा फलक लावलात. ज्युदो म्हणजे मृदू मार्ग, जपानच्या मातीतून आलेला. त्यात समोरचा शत्रू नसतो, तो स्वतःचा हात विश्वासाने आपल्या हाती देतो, असे आपण भाषणात म्हणालात. टाळ्या कडाडल्या. त्या वेळी शिडी अर्जदाराने धरली होती आणि हातोडीही त्यानेच दिली होती. तेव्हापासून तो रोज त्या फलकाखाली शिकवतो आणि मनातल्या मनात चरफडतो.

५. अर्जदारास सूड हवा आहे. येथे आधी 'न्याय' असे लिहिले होते. परंतु फलकावरील तिसरे मूल्य प्रामाणिकपणा असल्याने ते खोडले आहे.

६. तरी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आपण गणवेशात मॅटवर उपस्थित राहावे, ही विनंती. पट्टा पोटावर पुरत नसल्यास सामानाच्या खोलीत लांब पट्टे आहेत. लढत जेथे राहिली तेथून, म्हणजे आपला उजवा हात अर्जदाराच्या पकडीत असताना, सुरू होईल. आपण सर्व विद्यार्थ्यांसमक्ष दोनदा हात आपटावा. अर्जदार तत्काळ सोडेल. त्यानंतर अर्जदाराचा राजीनामा तेथेच स्वीकारावा. सुताराच्या कोपराबद्दल ती शिक्षा अर्जदारास मिळायलाच हवी.

७. साक्षीदार म्हणून आपल्या मातोश्री येणार आहेत. त्या दिवशीही त्या पहिल्या रांगेत होत्या. परवा अर्जदार भेटला तेव्हा त्या म्हणाल्या, "हात आपटलेला मी डोळ्यांनी पाहिला रे. आई पडले ना, गप्प बसले." त्यांनी तसे लिहूनही दिले आहे. त्यांची खुर्ची अर्जदाराने पुसून ठेवली आहे.

आजही आधी वाकून मगच मॅटवर पाय ठेवणारा,
आपला नम्र,
(सही)
ज्युदो प्रशिक्षक
दि. ९

सोबत : (१) राजीनामा, तारीख न घातलेला. (२) खांद्याचा जुना एक्स-रे. (३) मातोश्रींचे स्वहस्ताक्षरातील पत्र.

ता. क. : मातोश्रींना हल्ली कमी ऐकू येते. तरी हात जोरात आपटावा. आवाज पोहोचल्यावर त्या मान हलवतील. तोवर अर्जदार पकड सोडणार नाही.