मांडवाच्या वायरी आणि माझं शहाणं यंत्र

तीर्थस्वरूप हैबतमामांस,

शुभांगीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? (माझी तब्येत तुम्ही विचारणार नाही, ते बरोबरच आहे.) तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र दूधवाल्या दत्ताच्या हाती पाठवतेय.

परवा आपल्या राजनंदिनीच्या हळदीत गल्लीची वीज गेली, ती मी घालवली. म्हणजे माझ्या यंत्राने, पण त्याला शिकवलं मी. विजेच्या जाळ्यावर कुणी संगणकातून हल्ला केला तर एआयने तो ओळखून कसा परतवायचा, याचं आम्हा पीएचडीवाल्यांचं शिबिर आपल्या गल्लीच्या वरच्याच अंगाला, धरणाकाठच्या रिसॉर्टवर चाललंय. (त्यापायी तर हळद चुकवली.) त्यासाठी गल्लीत नवे मीटर हवे होते, तेव्हा "पोरगी आपली हाय, लावून घ्या, काय हुत न्हाई," असं सांगत तुम्हीच दारोदार फिरलात. सगळी घरं एकदम जास्त वीज ओढायला लागली की हल्ला समजायचा आणि गल्लीची वीज तोडायची, असं मी यंत्राला शिकवलेलं. आता आपल्याकडे मांडव पडला की प्रत्येक शेजारी आपल्या घरातून एक वायर देतो, हे मी लहानपणापासून बघतेय (नथूकाकांची वायर तर मीच खांबाला बांधायचे). पण यंत्राला सांगायचं सुचलं नाही. डीजे, कूलर, मिक्सर सगळं एकदम लागलं आणि त्याने गल्ली तोडली.

खरी लाज पुढेच आहे. इकडे टाळ्या पडल्या. खराखुरा हल्ला परतवला म्हणून सरांनी मला शाल दिली आणि मी ती पांघरून खिडकीत फोटो काढला. फोटो नंतर मोठा करून पाहिला, तर मागे खाली तुमचा मांडव दिसतोय. सगुणामावशी नवरीला पदराने वारा घालतेय. मामा, गावाने तुमच्या शब्दावर मीटर लावले आणि मान खाली घालायची पाळी तुमच्यावर आली. मला तोंड दाखवायला जागा नाही.

तुमची (अजून म्हणू का?)
शुभांगी

ता. क. यंत्राला आता मांडव समजावून सांगितला. आज सरांनी सरावासाठी मुद्दाम हल्ला केला, तर लग्न समजून त्याने तो खुशाल चालू दिला. शाल परत केली.

ता. क. २. सगळे मीटर उपटताय असं कळलं. उपटा. प्रबंध लांबला तर लांबला. विचारायचं वेगळंच होतं, धीर होत नव्हता. रविवारी लग्नात करवली म्हणून राजनंदिनीच्या मागे दिवा धरायला मी ठरले होते. अजून मीच आहे का? तो तेलाचा असतो, मामा.