दादाच्या होडीच्या तारा

होबार्ट, रविवार

प्रिय आई,

मी बरा आहे. दादा गेल्यानंतर काल पहिल्यांदाच त्याची होडी क्लबच्या शर्यतीत उतरवली. मला ती जमली नाही तर विकायची, असं आपलं ठरलं होतं, म्हणून आधी निकाल सांगतो. सात होड्यांत आम्ही चौथे आलो.

डोलकाठी धरणाऱ्या तारा किती ताणायच्या, त्याच्या खुणा दादाने करून ठेवल्या आहेत. मी अगदी तिथवर ताणल्या. वारा मंद, होडी हलेना. नऊ वर्षं त्याची शिडं सांभाळणाऱ्या मर्लबाई ओरडल्या, "अरे बाबा, त्या खुणा जोराच्या वाऱ्याच्या! तो स्वतः दर शनिवारी बदलायचा. तू काय देव्हारा मांडलायस?"

शर्यतीचा भोंगा होण्याआधी मी तारा सैल केल्या. मग होडी छान चालली.

तू दोन्ही वेळा जेवतेस ना? दादाचं कपाट एकटीने आवरू नकोस, मी येतोच आहे.

होडी विकायची नाही. क्लबच्या यादीत कप्तान म्हणून अजून दादाचंच, ॲलिस्टर हेच नाव होतं. मर्लबाईंनी पेन पुढे केलं. मी त्याच्या नावाखाली माझं लिहिलं. त्याचं खोडलं नाही.

तुझाच,
डंकन